चिप न काढता प्रोग्रॅम: जोडणीपासून कुलपापर्यंत

बोर्डावर सोल्डर झालेल्या मायक्रोकंट्रोलरमध्ये प्रोग्रॅम भरायला लागणारं साधन, म्हणजे प्रोग्रॅमर, आज काहीशे रुपयांत मिळतं. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर मिळतं, पुण्यात बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या आसपास मिळतं, घरबसल्या मागवताही येतं. त्यासोबतचं सॉफ्टवेअर बहुतेक वेळा फुकट असतं. तरी पहिल्यांदा केबल जोडून कोड ‘डंप’ करायला बसलेल्या विद्यार्थ्याला पडद्यावर बऱ्याचदा एकच निरोप दिसतो: चिप उत्तर देत नाही. मग दोष प्रोग्रॅमरवर जातो, नवा प्रोग्रॅमर आणला जातो आणि निरोप तोच राहतो.

गेल्या तीसेक वर्षांत या कामात काय बदललं, जोडणी आणि सेटिंगबद्दल काय पक्कं झालं आहे, जाणकारांचे मतभेद कुठे आहेत आणि काय अजून सुटायचं आहे, याचा हा आढावा. उदाहरणं मुख्यतः एव्हीआर कुटुंबातली घेतली आहेत, कारण आर्डुइनोमुळे ती चिप असंख्य हातांत पोहोचली. ८०५१, पिक आणि एआरएम यांच्याकडे फरक महत्त्वाचा असेल तिथे वळू. माझं मत आधीच सांगून ठेवतो. तारा कमी होत गेल्या तशी अडचण तारांतून सेटिंगमध्ये सरकली आणि आता ती सेटिंगमधून हक्काच्या प्रश्नाकडे सरकते आहे.

खिडकीवाल्या चिपपासून सहा पिनांपर्यंत

इंटेलचा ८०५१ आला १९८० साली. त्याची इप्रॉम असलेली आवृत्ती म्हणजे ८७५१. तिच्या पाठीवर क्वार्ट्झची छोटी खिडकी असे. प्रोग्रॅम बदलायचा तर चिप सॉकेटमधून उपसायची, अतिनील दिव्याखाली वीस-तीस मिनिटं ठेवायची, वेगळ्या यंत्रात बसवून पुन्हा भरायची आणि पिना न वाकवता जागेवर आणायची. खिडकीचं सिरॅमिक वेष्टन महाग पडे, म्हणून उत्पादनात एकदाच भरता येणारी प्लास्टिकची चिप वापरत. तिच्यात चूक राहिली तर ती चिप वाया जाई.

१९९३मध्ये मायक्रोचिपने पिक१६सी८४ आणली. तिची प्रोग्रॅम मेमरी विजेने पुसता येत होती आणि भरायला डेटा व क्लॉक अशा दोनच तारा पुरत. शिवाय रीसेटच्या पिनेवर १२-१३ व्होल्ट द्यावे लागत. चिप बोर्डावर असतानाच प्रोग्रॅम भरण्याची कल्पना छंद म्हणून काम करणाऱ्यांपर्यंत पोहोचली ती प्रामुख्याने या चिपमुळे. त्याच सुमारास अ‍ॅटमेलने एटी८९सी५१ हा फ्लॅश मेमरीवाला ८०५१ बाजारात आणला. अतिनील दिवा गेला, पण चिप काढून ‘बर्नर’मध्ये बसवणं तसंच राहिलं. पुढे एटी८९एस५१ आणि एस५२ आल्या, तेव्हा तेही काम बोर्डावर होऊ लागलं. महाराष्ट्रातल्या पदविका अभ्यासक्रमांत ८०५१ दीर्घकाळ शिकवला गेला, त्यामुळे इथल्या प्रयोगशाळांनी ही दोन्ही युगं पाहिली आहेत.

एव्हीआरची रचना मूळची नॉर्वेतली. ट्रॉनहाइमच्या तंत्रशिक्षण संस्थेतल्या आल्फ-एगिल बोगेन आणि वेगार्ड वोलान या दोन विद्यार्थ्यांनी ती आखली आणि अ‍ॅटमेलने १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धात बाजारात आणली. सुरुवातीपासून तिच्यात एसपीआयच्या तारांवरून प्रोग्रॅम भरण्याची सोय होती आणि त्यासाठी वाढीव व्होल्टेजही लागत नसे. संगणकाला प्रिंटरचं पॅरलल पोर्ट होतं तोवर चार-पाच रोध किंवा एक बफर चिप लावून घरी प्रोग्रॅमर तयार होई. लॅपटॉपवरून ते पोर्ट नाहीसं झालं आणि यूएसबीची गरज पडली. जर्मनीच्या थॉमस फिशल यांनी यूएसबीएएसपी हा प्रोग्रॅमर खुला करून ती भागवली. त्यात एटीमेगा८ हीच चिप यूएसबीचं बोलणं सॉफ्टवेअरने सांभाळते. आज बाजारात मिळणारे बहुतेक स्वस्त एव्हीआर प्रोग्रॅमर याच आराखड्याच्या नकला आहेत. संगणकाच्या बाजूने त्यांच्याशी बोलतो तो अ‍ॅव्हरड्यूड. ब्रायन डीन यांनी सुरू केलेलं हे मुक्त सॉफ्टवेअर आजही जोमाने विकसित होतं आहे.

दुसरा प्रवाह वेगळ्या गरजेतून आला. बोर्डावरचे सांधे नीट जुळलेत का हे तपासण्यासाठी १९८५मध्ये उद्योगातल्या लोकांचा एक गट जमला. त्यातून जेटॅग हे मानक तयार झालं आणि १९९०मध्ये आयईईईने त्याला मान्यता दिली. तपासणीसाठी काढलेली वाट पुढे प्रोग्रॅम भरायला आणि चालत्या प्रोग्रॅममध्ये डोकवायला वापरात आली. एआरएमने तिच्या चार-पाच तारा दोनवर आणल्या. ती एसडब्ल्यूडी पद्धत आज एसटीएम३२सारख्या एआरएम चिपांमध्ये सर्वत्र दिसते.

जोडणी: कुठे एकमत आहे

एव्हीआरच्या जोडणीत सहा नावं आहेत: मोसी, मिसो, एससीके, रीसेट, व्हीसीसी आणि ग्राउंड. ती सहा पिनांच्या दोन ओळींच्या कनेक्टरवर येतात किंवा जुन्या दहा पिनांच्या कनेक्टरवर. दहा पिनांचा जेटॅग कनेक्टर दिसायला अगदी तसाच असतो, मात्र त्यातला क्रम वेगळा आहे. पिकच्या सहा पिना एका ओळीत असतात आणि त्यांचा क्रम आणखी निराळा. केबलवर लाल तार असली म्हणजे ती एक नंबरची पिन, एवढं सर्वत्र पाळलं जातं. त्यापुढचं प्रत्येक वेळी डेटाशीटवरून ताडून पाहणं भाग आहे.

डेटाशीट न पाहता नावावर विसंबलं तर एटीमेगा६४ आणि १२८ हमखास फसवतात. त्यांच्यावर मोसी आणि मिसो नावाच्या पिना आहेत, पण प्रोग्रॅम त्यांवरून भरला जात नाही. तो पीडीआय आणि पीडीओ या, सीरियल पोर्टशी सामायिक असलेल्या, पिनांवरून जातो. एटी८९एस५२मध्ये तारा एव्हीआरसारख्याच असतात, मात्र रीसेट उलटा चालतो: एव्हीआरमध्ये तो शून्यावर धरायचा, इथे पाच व्होल्टवर.

वीज कोण देणार, हा दुसरा मुद्दा. यूएसबीएएसपी संगणकाचे पाच व्होल्ट थेट बोर्डाला देऊ शकतो. अ‍ॅटमेल-आइससारखा अधिकृत प्रोग्रॅमर बोर्डाला वीज देत नाही, व्हीसीसीच्या तारेवरून तो बोर्डाचं व्होल्टेज फक्त मोजतो. स्वस्त साधनावर शिकलेला माणूस महाग साधन जोडतो आणि पडद्यावर ‘व्होल्टेज शून्य’ वाचतो, त्याचं कारण हे. उलट दिशेची चूक जास्त महागात पडते. बोर्ड ३.३ व्होल्टचा असेल आणि त्याच एसपीआय तारांवर मेमरी कार्ड किंवा रेडिओ मॉड्यूल बसवलेलं असेल, तर पाच व्होल्टच्या संदेशांनी ते जळू शकतं.

सामायिक तारांबाबत तज्ज्ञांचा सल्ला स्पष्ट आहे. चिप आणि प्रोग्रॅमर यांच्यातली वाट थेट ठेवायची आणि त्या तारांवरच्या इतर भागांना मालिकेत रोध लावून थोडं दूर ठेवायचं. रीसेटला दहा किलोओहमचा पुल-अप, प्रत्येक व्हीसीसी-ग्राउंड जोडीजवळ ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, केबल वीतभर. अ‍ॅनालॉग भाग वापरायचा नसला तरी एव्हीसीसी जोडायचाच. पिकमध्ये डेटा आणि क्लॉकच्या तारांवर कपॅसिटर नको आणि रीसेटवर येणारं वाढीव व्होल्टेज बाकीच्या सर्किटमध्ये शिरणार नाही याची व्यवस्था हवी. यावर फारसा वाद नाही. पाळलं मात्र कमी जातं, कारण बोर्ड आखताना प्रोग्रॅमिंगचा विचार शेवटी होतो.

सेटिंग: जिथे खरा वेळ जातो

‘चिप उत्तर देत नाही’ या निरोपामागे एव्हीआरमध्ये नेमकं काय घडतं ते पाहण्यासारखं आहे. प्रोग्रॅमर रीसेट शून्यावर धरतो आणि चार बाइट पाठवतो. त्यांतला दुसरा बाइट हेक्स ५३ असतो. तिसरा बाइट जात असताना चिपने तोच ५३ परत पाठवायचा असतो. तो आला नाही की पुढचं सगळं थांबतं. म्हणजे या एका ओळीमागे तुटलेली तार, नसलेली वीज, बंद पडलेला क्लॉक आणि चुकीचा वेग यांपैकी काहीही असू शकतं, आणि सॉफ्टवेअरला त्यांत फरक करता येत नाही.

यातला वेग सर्वांत कमी समजला जातो. एससीकेचा वेग चिपच्या स्वतःच्या क्लॉकच्या एक चतुर्थांशापेक्षा कमी असावा लागतो. कारखान्यातून येणारी कोरी एटीमेगा३२८पी आतल्या ८ मेगाहर्ट्झला आठने भागून १ मेगाहर्ट्झवर चालते, म्हणून मर्यादा २५० किलोहर्ट्झची. यूएसबीएएसपीचा मूळ ठरलेला वेग ३७५ किलोहर्ट्झ. त्यामुळे १६ मेगाहर्ट्झवर चालणाऱ्या आर्डुइनोशी सुरळीत बोलणारा प्रोग्रॅमर कोऱ्या चिपपुढे मुका होतो. उपाय दोन: वेग कमी करणारा जम्पर लावायचा, किंवा अ‍ॅव्हरड्यूडमध्ये ‘-बी’ पर्यायाने क्लॉकचा अवधी वाढवायचा. बाजारातल्या कित्येक नकलांत जुनं फर्मवेअर असतं. ते हा पर्याय मानत नाही आणि वेग ठरवता न आल्याची सूचना येते. पुढे काम झालं तर ती सूचना निरुपद्रवी समजावी. अडलं तर जम्पर हाच मार्ग.

संवाद जमला की चिप आपली ओळख सांगते. ३२८पीची ओळख १ई ९५ ०एफ. ‘पी’ नसलेल्या ३२८ची १ई ९५ १४. दोन्ही जवळपास सारख्या, पण नाव चुकीचं दिलं तर सॉफ्टवेअर थांबतं. ओळख न जुळता पुढे रेटायचा पर्याय आहे, तो मात्र कारण कळल्याशिवाय वापरू नये. विंडोजवर याच टप्प्यावर ड्रायव्हर आडवा येतो आणि झॅडिगसारख्या साधनाने तो बसवावा लागतो. लिनक्सवर यूएसबी साधनाला हात लावण्याची परवानगी एका नियम-फाइलीत लिहावी लागते.

मग येतात फ्यूज, म्हणजे चिपमधले सेटिंगचे बिट. क्लॉक कुठून घ्यायचा, रीसेटची पिन रीसेटच राहणार का, किती व्होल्टखाली थांबायचं, हे फ्यूज ठरवतात. त्यांत शून्य म्हणजे चालू आणि एक म्हणजे बंद. हा उलटा अर्थ लक्षात न राहिल्याने खूप चिपा अडकल्या आहेत. बाहेरच्या क्रिस्टलचा फ्यूज लावला आणि बोर्डावर क्रिस्टलच नसलं, तर चिप थांबते आणि प्रोग्रॅमरलाही उत्तर देत नाही. बाहेरून क्लॉक पुरवला की ती परत येते. रीसेटची पिन साधी पिन केली, तर मात्र या सहा तारांनी काही होत नाही. १२ व्होल्टचा वेगळा प्रोग्रॅमर लागतो. प्रयोगशाळेत अशा चिपेला ‘लॉक झाली’ म्हणून कचऱ्यात टाकतात. प्रत्यक्षात बहुतेक चिपा जिवंत असतात.

एटीमेगा१६ आणि ३२ यांच्यात नेमकी उलटी गोष्ट आहे. त्यांच्यात जेटॅगचा फ्यूज कारखान्यातूनच चालू येतो, म्हणून पोर्ट सीच्या मधल्या चार पिना प्रोग्रॅमचं ऐकत नाहीत. एलसीडी तिथे जोडलेला असला की विद्यार्थी आपला कोड तपासत बसतो. पिक१६एफ८७७एमध्ये कमी व्होल्टेजच्या प्रोग्रॅमिंगचा बिट चालू राहिला आणि आरबी३ पिन मोकळी लोंबकळत असली, की तसाच घोळ होतो. ही माहिती डेटाशीटमध्ये सगळी आहे. पण ती शेकडो पानांत विखुरलेली आहे आणि अभ्यासक्रमात फ्यूजला क्वचितच स्वतंत्र तास मिळतो. मला हा शिक्षणातला मोठा अभाव वाटतो.

प्रोग्रॅमर हवा की बूटलोडर पुरे?

एक पक्ष म्हणतो, स्वतंत्र प्रोग्रॅमर आता अपवादापुरताच लागतो. चिपमध्ये बूटलोडर हा छोटा प्रोग्रॅम ठेवला की पुढचे सगळे प्रोग्रॅम साध्या यूएसबी केबलने भरता येतात. २००५मध्ये इटलीतल्या इव्रेआत सुरू झालेल्या आर्डुइनोचं यश बऱ्याच अंशी यावर उभं आहे. आर्डुइनो ऊनो या बोर्डावरचा ऑप्टिबूट हा बूटलोडर ३२ किलोबाइटांतला केवळ अर्धा किलोबाइट घेतो. चित्रकार, शिक्षक, शेतकरी कुणीही बोर्ड वापरू शकतो.

दुसऱ्या पक्षाचं उत्तर असं: बूटलोडर चिपमध्ये पहिल्यांदा घालायला प्रोग्रॅमर लागतोच, एव्हीआरमध्ये बूटलोडरला फ्यूज बदलता येत नाहीत, चालू झाल्यावर तो क्षणभर वाट पाहतो आणि तो पुसला गेला की परत प्रोग्रॅमरकडेच यावं लागतं. शिवाय चालता प्रोग्रॅम मध्येच थांबवून तपासायचा असेल, तर तारांवरूनच आत शिरावं लागतं. दोन्ही बाजू आपापल्या जागी बरोबर आहेत, आणि एका आर्डुइनोलाच प्रोग्रॅमर बनवण्याची युक्ती त्यांच्यातली सीमा पुसते. त्यासाठी ऊनोच्या रीसेटवर १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावावा लागतो, नाहीतर ऐन वेळी तो स्वतःच रीसेट होतो.

नव्या चिपांनी हा वाद बराच मऊ केला आहे. २०२१च्या जानेवारीत आलेल्या रास्पबेरी पाय पिकोत बूटलोडर चिपच्या रॉममध्येच कोरलेला आहे. तो पुसता येत नाही. बटण दाबून केबल लावली की चिप पेनड्राइव्हसारखी दिसते आणि फाइल तिच्यात टाकायची. ईएसपी३२ आणि एसटीएम३२ यांच्यातही रॉममधला बूटलोडर आहे. पिको आणि एसटीएम३२ यांच्यात त्याच वेळी एसडब्ल्यूडीच्या पिनाही मोकळ्या असतात. एसटीएम३२मध्ये चालत्या प्रोग्रॅमने त्या पिना दुसऱ्या कामाला लावल्या तर प्रोग्रॅमर आत जाऊ शकत नाही. मग रीसेट धरून ठेवूनच जोडणी करावी लागते. हे तंत्र माहीत नसल्याने चांगल्या चिपा मेल्या म्हणून बाजूला पडतात.

अधिकृत साधन की खुलं?

उत्पादकांचं म्हणणं दुर्लक्षिण्यासारखं नाही. अधिकृत प्रोग्रॅमर वेगवेगळ्या व्होल्टेजवर चालतो, नव्या चिपांची माहिती वेळेवर मिळते, आणि उत्पादनाच्या ओळीत दिवसाला शेकडो बोर्ड भरताना एखादी नक्कल अधूनमधून अडखळली तर तिची स्वस्ताई टिकत नाही. २०१४च्या ऑक्टोबरमध्ये एफटीडीआय कंपनीच्या विंडोज ड्रायव्हरने आपल्या यूएसबी चिपेच्या नकला ओळखून त्यांचा ओळख-क्रमांक शून्य केला आणि त्या बंद पडल्या. नकली भाग नकळत विकत घेतलेल्यांनाही ते भोगावं लागलं. टीका झाल्यावर तो ड्रायव्हर मागे घेतला गेला.

खुल्या साधनांची बाजू आयुष्यमानाची आहे. कंपनी एखादा प्रोग्रॅमर बंद करते, नवं सॉफ्टवेअर जुन्या यंत्रावर चालत नाही आणि शेतात किंवा कारखान्यात बसलेलं उपकरण मात्र पंधरा वर्षं चालायचं असतं. अ‍ॅव्हरड्यूडला पॅरलल पोर्टच्या काळापासूनच्या चिपा आजही ओळखता येतात. एआरएमच्या बाजूने ओपनओसीडी हेच काम करतो. तो आउग्सबुर्गमधल्या डोमिनिक राथ यांच्या पदवी प्रबंधातून २००५मध्ये जन्मला. शिकण्यासाठी आणि दुरुस्तीसाठी खुली साधनं पुरेशी आहेत, असं माझं मत आहे. मोठ्या उत्पादनात तो हिशेब प्रत्येकाने आपल्या संख्येवर करावा.

सगळं काम एकाच तारेवर आणण्याचा प्रयत्नही इथे येतो. मायक्रोचिपने २०१६मध्ये अ‍ॅटमेल विकत घेतली. त्याच सुमारास नव्या लहान एव्हीआरमध्ये यूपीडीआय ही पद्धत आली: एक तार, शिवाय वीज आणि ग्राउंड. साध्या यूएसबी-सीरियल अडॅप्टरला एखादा रोध किंवा डायोड लावून तिचा प्रोग्रॅमर तयार होतो. पण हाताशी असलेला यूएसबीएएसपी या चिपांना उपयोगी नाही, आणि जुन्या साधनांत पैसे घातलेल्या प्रयोगशाळांना ही अडचण जाणवते.

कुलूप कुणासाठी

सर्वांत कमी सुटलेला प्रश्न कुलपाचा आहे. ज्या वाटेने प्रोग्रॅम आत जातो त्याच वाटेने तो बाहेर वाचता येतो. एव्हीआरमध्ये लॉक बिट असतात. संपूर्ण चिप पुसली की ते मोकळे होतात, म्हणजे चिप बचावते आणि कोड जातो. एसटीएम३२मध्ये संरक्षणाच्या पायऱ्या आहेत. पहिल्या पायरीवरून मागे येताना मेमरी पुसली जाते, आणि बऱ्याच मालिकांत दुसऱ्या पायरीवरून परतणं शक्यच नाही.

कुलूप हवं म्हणणाऱ्यांकडे ठोस कारणं आहेत. कोडची चोरी होते. इंटरनेटला जोडलेल्या उपकरणाचं पोर्ट उघडं राहिलं, तर एका बोर्डावरून काढलेली गुप्त किल्ली सगळ्या बोर्डांना लागू पडू शकते. कुलूप नको म्हणणारे दाखवतात की ते पुरतं टिकतही नाही. २०२०मध्ये नॉर्डिकच्या एनआरएफ५२ चिपचं संरक्षण वीजपुरवठ्याला क्षणिक झटका देऊन चुकवता येतं, हे जाहीर झालं. ज्याच्याकडे वेळ आणि उपकरणं आहेत तो शिरतो. तालुक्याच्या गावी पंपाचा स्टार्टर दुरुस्त करणारा कारागीर मात्र बाहेर राहतो. चिप बदलून तीच हेक्स फाइल, म्हणजे चिपमध्ये भरायचा तयार कोड, पुन्हा भरायची म्हटली, तर ती फाइल त्याला कुठून मिळणार?

कायद्याची पावलं दोन दिशांना पडत आहेत. केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये पोर्टल सुरू केलं. शेतीची अवजारं, मोबाइल, घरगुती उपकरणं आणि वाहनं हे त्याचे मुख्य विषय. युरोपीय संघाचा सायबर सुरक्षेचा कायदा २०२४च्या डिसेंबरमध्ये अमलात आला. त्यातली मुख्य बंधनं २०२७च्या डिसेंबरपासून लागू होतील, आणि युरोपला माल पाठवणाऱ्या इथल्या लघुउद्योगांनाही ती पाळावी लागतील. एक पाऊल उपकरण उघडं ठेवायला सांगतं, दुसरं बंद. पुसून मोकळं करता येणारं कुलूप, म्हणजे कोड आणि किल्ली नष्ट होईल पण चिप पुन्हा वापरता येईल अशी व्यवस्था, हा मला सर्वांत समतोल मार्ग वाटतो. पण नवा कोड मालकाला मिळण्याची सोय त्याने होत नाही. तो भाग खुलाच आहे.

कनेक्टरचं एकमत हाही तसाच लोंबकळणारा विषय. एआरएमचा दहा पिनांचा बारीक कनेक्टर बऱ्यापैकी रुळला आहे. जागा वाचवण्यासाठी कनेक्टरच न बसवता फक्त तांब्याचे ठिपके ठेवून स्प्रिंगच्या पिनांनी जोडण्याची पद्धतही वाढते आहे. सर्व कुटुंबांना चालेल असा एक क्रम मात्र अजून नाही.

बोर्ड आखणाऱ्यांना आणि प्रकल्प करून घेणाऱ्या शिक्षकांना म्हणून एक विनंती आहे. प्रोग्रॅमिंगच्या पिनांशेजारी त्यांची नावं आणि बोर्डाचं व्होल्टेज छापा. प्रकल्प अहवालात कोडच्या छापील पानांऐवजी हेक्स फाइल, फ्यूजची सगळी मूल्यं, क्लॉकचा वेग आणि वापरलेल्या सॉफ्टवेअरची आवृत्ती द्यायला सांगा. ते अर्ध्या पानाचं काम आहे, आणि पुढच्या दुरुस्ती करणाऱ्याला तेवढं पुरतं.